निळ्या झाकणाचं औषध

३ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, रोज एक पान लिहीत जा. माझ्या मोजणीच्या कागदावरचा एक त्यांना नऊ वाटला आणि त्यावरून त्यांनी अर्धा दिवस डोकं धरलं, म्हणून ही शिक्षा.

"काय लिहू?"

"काहीही. मी वाचणार नाही. अक्षर वळायला हवं, बास."

वाचणार नाहीत तर मग खरं लिहितो. मॅडमना चहा करता येत नाही. औषधं थेंबाथेंबानं मोजतात आणि चहाची पूड मात्र डोळे मिटून टाकतात.

सातवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. त्यानंतर दूध वाटलं, ट्रकवर क्लीनर झालो, छापखान्यात होतो, लाँड्रीत होतो. कुठंच बूड टेकलं नाही. दादा म्हणतो, "तुझ्या पायाला भिंगरी आहे." इथं कीटकनाशकांच्या संशोधन केंद्रावर, मॅडमच्या हाताखाली आलो तर आठवड्याच्या आत मुकादमांनीही तेच नाव ठेवलं. दादाचा आणि त्यांचा काही संबंध नाही, म्हणजे दोष माझ्यातच असणार.

दादानं येतानाच बजावलंय, "हीही नोकरी सोडलीस तर मुकाट्यानं घरी यायचं आणि माझ्या दुकानात बसायचं." दादा शिलाई मशीन दुरुस्त करतो. हाताचा चांगला आहे, तोंडाचा नाही. दिवसभर त्याच्यासमोर बसायचं म्हणजे वाघाच्या पिंजऱ्यात बसून त्याचीच नखं कापण्यासारखं आहे.

५ फेब्रुवारी

आज मॅडमनी सगळं समजावलं. आमच्याकडे घेवड्याचे वाफे आहेत. घेवड्याला मावा लागतो. मावा म्हणजे पानाखाली चिकटून रस पिणारे बारीक किडे, कुणी तीळ सांडल्यासारखे दिसतात. त्यावर मारायला चार बाटल्या: लाल झाकण, पिवळं, हिरवं आणि निळं. वाफ्यांना त्या त्या रंगाच्या खुंट्या मारल्यात, पण ओळीनं नाही, विखरून. कुठल्या बाटलीत काय आहे ते फक्त मॅडमना ठाऊक. फवारायचं मी आणि मुकादमांनी, मोजायचंही आम्हीच.

"आम्हाला सांगितलं तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"माहीत असलं की डोळे आपल्याला हवं तेच मोजतात."

मला काही हे पटलं नाही. माझे डोळे काय मॅडमना विचारून बघतात?

जाताना मुकादमांनी हळूच सांगितलं की मोठ्या साहेबांनी मॅडमना तंबी दिलीय. या हंगामात चोख निकाल हातात पडला नाही तर आपला विभाग बंद, आणि या वाफ्यांवर गाड्या ठेवायची शेड. "म्हणजे मॅडम दुसरीकडे, मी घरी, आणि तू..." ते थांबले. मी म्हटलं, "मी दादाकडे." ते म्हणाले, "मग तर काळजीपूर्वक फवार, बाबा."

१२ फेब्रुवारी

पहिली फवारणी. हातमोजे, चष्मा, तोंडाला मोठी पट्टी, अंगभर झगा. मुकादम म्हणाले, "भिंगरी, चंद्रावर चाललास का रे? येताना माती आण थोडी."

लाल झाकणाला जळक्या टायरचा वास. पिवळं पट्टीतूनही नाकात झोंबतं. हिरव्यालाही तसलाच वास, जरा सौम्य, पण झगा धुतला तरी जात नाही. निळ्याला मात्र काही नाही. ना वास, ना फेस, ना डोळ्यांची आग. हातमोज्यावर सांडलं तर आपोआप वाळून गेलं, डागसुद्धा नाही. याला म्हणतात सभ्य औषध.

१६ फेब्रुवारी

मोजणी झाली. लाल आणि पिवळ्याच्या वाफ्यांत मावा जवळजवळ साफ. हिरवं बरं आहे. निळ्यात मात्र मावा सुखानं नांदतोय, उलट चार पोरं जास्तच झालीत.

"गेलं तुझं निळं गटारात," मुकादम म्हणाले.

"माझं कसं?"

"सकाळपासून त्याचंच कौतुक चाललंय. वास नाही, फेस नाही. नवरी बघायला आलास का?"

हरणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायची मला लहानपणापासूनची खोड. मी तिथल्या तिथं पैज लावली. निळं शेवटी जिंकलं तर मुकादमांनी महिनाभर चहा करायचा, नाहीतर मी. मॅडमच्या चहातून दोघांचीही सुटका.

लालच्या वाफ्यात एक गोष्ट बघितली, ती आवडली नाही. बटणाएवढे लाल गोल किडे, पाठीवर काळे ठिपके, असे कितीतरी उताणे पडले होते. एकाचे पाय अजून हलत होते. मुकादम म्हणाले, "ढालकिडे ते. औषधाला कुठं कळतं कोण आपलं कोण परकं." पिवळ्यात आणि हिरव्यातही तीच गत. निळ्यात मात्र एकही मेलेला नाही, सगळे पानांवर फिरताहेत ऐटीत.

२० फेब्रुवारी

उद्या दुसरी फवारणी. लाल, पिवळ्या आणि हिरव्या वाफ्यांत बाहेरून नवे ढालकिडे येऊन बसलेत. त्यांना काय माहीत उद्या काय आहे ते! जेवणाच्या सुट्टीत मुकादम लवंडले होते. मी रिकामी काडेपेटी घेतली, एकेक ढालकिडा अलगद उचलला आणि सगळे निळ्याच्या वाफ्यांत नेऊन सोडले. निळं त्यांना काही करत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चार-पाच खेपा झाल्या. सुटताना ते बोटाच्या टोकापर्यंत चढतात, पंख उघडतात आणि मग बेत बदलून खाली उतरतात. अगदी माझ्यासारखे.

मुकादमांना सांगितलं नाही. उगाच महिनाभर चिडवतील.

२७ फेब्रुवारी

अरे, निळं चढतंय! मावा निम्म्यावर आला. आणि लालमध्ये उलट पुन्हा दिसायला लागलाय. मुकादमांनी दोनदा मोजलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

मी त्यांना माझं म्हणणं सांगितलं. काही औषधं धावत येतात आणि दमून बसतात. निळं मुरतं. लोणच्यासारखं.

"तू कुठल्या कॉलेजात शिकलास रे?"

"लाँड्रीत. तिथंही लगेच धुतलेला डाग परत येतो, भिजत घातलेला येत नाही."

मुकादमांनी माझ्या डब्यातली शेवटची भाजी खाल्ली.

४ मार्च

आज प्रयोगशाळेत बोलावलं होतं. मॅडम प्रत्येक वाफ्यातली पानं वाटतात, गाळतात आणि त्याचा थेंब एका यंत्राला पाजतात. यंत्र खोलीभर घरघरतं आणि मग पडद्यावर डोंगर काढतं. पानात जेवढं औषध उरलं असेल तेवढा डोंगर उंच. लालचा डोंगर असा की चढताना धाप लागावी. पिवळ्याचा मधला, हिरव्याचा टेकडीएवढा. निळ्याचं मात्र सपाट मैदान, एक उंचवटा नाही.

मी म्हटलं, "बघा मॅडम! काम केलं आणि निघूनही गेलं. खाणाऱ्याच्या पोटात काही नको!"

मॅडमना ठसका लागला. पाणी प्यायल्या. मग विचारलं, "निळ्यात मावा खरंच कमी झालाय?"

"तुम्ही स्वतः या ना मोजायला."

आल्या. भर उन्हात वाकून पानं उलटत होत्या. निळ्यात मोजलं, पुन्हा लालमध्ये जाऊन मोजलं. पेनाचं टोक चावत उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर आनंद नव्हता. इतकं चांगलं औषध निघालं तर माणसानं नाचायला हवं! शिकलेल्या लोकांचं हे मला कळत नाही.

निळ्यात हल्ली ढालकिड्यांची पिल्लंही दिसतात. काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीची नातवंडं असावीत अशी. पहिल्यांदा मी दचकलोच. आईबाप एवढे देखणे आणि पोरं ही! मुकादम म्हणाले, "माझ्या धाकट्याला बघितलंस तर असंच म्हणशील."

१० मार्च

तिसरी फवारणी काल झाली. काडेपेटीच्या खेपा परवाच उरकल्या होत्या, आता हात बसलाय.

दादाचा फोन.

"अजून तिथंच आहेस?"

"म्हणजे काय! दादा, इथं एक औषध आहे. वास नाही, जळजळ नाही, पानात उरत नाही. आणि किड्यांतले सज्जन-दुर्जन ओळखतं."

"म्हणजे तुझ्यापेक्षा हुशार आहे."

"सगळ्यांना हरवतंय. मी पहिल्यापासून सांगत होतो."

दादानं तिकडचं मशीन थांबवलं. मग म्हणाला, "आवाज बरा वाटतोय तुझा." आणि फोन ठेवला. दादा कधी असं बोलत नाही. तब्येत बरी असेल ना त्याची?

१६ मार्च

काय लिहू! अक्षर आज वळणार नाही.

मोठे साहेब आले होते. सपाट डोक्याचे, हळू बोलणारे. मॅडम, मुकादम, मी, सगळे टेबलाभोवती. मॅडमनी पाकीट फोडलं. त्यात कुठलं झाकण म्हणजे काय ते लिहिलेलं. लाल म्हणजे बाजारातलं जुनं औषध. पिवळं म्हणजे मॅडमचं नवं. हिरवं म्हणजे तेच नवं, पण निम्म्या मात्रेनं.

"आणि निळं," मॅडम म्हणाल्या, "निळं म्हणजे पाणी."

"कसलं पाणी?" मी विचारलं.

"नळाचं."

मुकादम हसायला लागले ते बादलीवर बसले आणि बादलीसकट कलंडले. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. महिनाभर मी नळाच्या पाण्याची वकिली करत होतो. काल घरमालकीण काकूंनाही सांगितलं होतं की हे औषध बाजारात आलं की पहिली बाटली तुम्हाला. त्यांच्या घरात दोन नळ आहेत!

साहेब हसले नाहीत. "म्हणजे तुमच्या औषधापेक्षा पाणी चांगलं, असं लिहायचं का अहवालात?"

मॅडमचा चेहरा कागदासारखा झाला होता. पण आवाज शांत. आम्हा दोघांकडे वळून म्हणाल्या, "नीट आठवून सांगा. निळ्या वाफ्यांत असं काही घडलं का, जे बाकीच्यांत घडलं नाही?"

मला वाटलं, आता आपण कामाला यायचं. मॅडम अडचणीत आहेत, आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे. मी छाती पुढे काढून म्हटलं, "हो मॅडम. बाकीच्या वाफ्यांतले ढालकिडे फवारणीत मरू नयेत म्हणून मी दर वेळी आदल्या दिवशी उचलून निळ्यात सोडत होतो. एकही जखमी झाला नाही."

मुकादमांचं हसू तोंडातच राहिलं.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"मोजले नाहीत. काडेपेटी भरभरून."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. खूप सावकाश.

बाहेर आल्यावर मुकादमांनी मला भिंतीशी धरलं. "अरे शहाण्या, ढालकिडा काय खातो?"

"पानं?"

"मावा! दिवसभर मावाच खातो तो! तुझी ती मगरीची नातवंडं तर आईबापांहून अधाशी. चौघांची कुस्ती लावली होती मॅडमनी. तू तिघांचे पहिलवान उचललेस आणि चौथ्याच्या आखाड्यात नेऊन सोडलेस. आता कोण जिंकलं आणि कोण हरलं, ब्रह्मदेव तरी सांगेल का?"

एवढ्या दिवसांत मी हे कुणाला विचारलं कसं नाही? जीव वाचवायला गेलो आणि सगळ्या हंगामाचा जीव घेतला.

१७ मार्च

बॅग भरली. यात मी तरबेज आहे, फार वेळ लागत नाही. दादाला फोन करून सांगितलं की येतोय. तो म्हणाला, "काय केलंस?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. नाही हसला. म्हणाला, "येतोस तर ये, पण त्या बाईंना तोंड दाखवून ये. मागच्या दारानं पळालास तर दुकानाचं पुढचंही दार बंद आहे तुला."

मुकादम खोलीवर आले. बॅगेकडे बघून म्हणाले, "छान. पळ. तू पळालास की निळ्यातले ढालकिडे रांगेनं आपापल्या वाफ्यात परत जातील."

१८ मार्च

निरोप घ्यायला गेलो. मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत साहेब होते, म्हणून बाहेर उभा राहिलो. ऐकायचं नव्हतं, पण कान काही बॅगेत भरता येत नाहीत.

साहेब म्हणत होते, "त्या पोराला काढा, म्हणजे निदान मला वर काही सांगता येईल."

मॅडम म्हणाल्या, "त्याला कसं फवारायचं ते मी शिकवलं, कसं मोजायचं ते शिकवलं. का, ते नीट सांगितलं नाही. त्याला काढलं तर मलाही काढावं लागेल."

मग साहेब म्हणाले, "उन्हाळा संपेपर्यंत. एकच पेरणी. माणूस जास्तीचा मिळणार नाही."

ते गेल्यावर मॅडम दाराशी आल्या. बॅग बघितली. मग जी सुरुवात केली! साडेचार वर्षांचं काम, बेजबाबदारपणा, काडेपेटी, कुणी सांगितलं होतं. मी खाली मान घालून उभा. आईनंही मला इतकं मनापासून कधी झापलं नव्हतं. शेवटी दम लागला तेव्हा खुर्चीत बसल्या.

"ढालकिडा मावा खातो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं."

"मी त्याआधीच बाहेर पडलो, मॅडम."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसल्या नाहीत. "मला शोधायचं होतं ते हेच. माझं औषध किती कमी मारलं तर मावा मरतो आणि ढालकिडा जगतो. मी त्यांना उघड्यावर ठेवलं, येतील तसे येऊ दिले. आता प्रत्येक वाफ्यावर जाळी हवी. आत सगळं मोजून. पण एवढ्या जाळ्या शिवणार कोण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी."

"तुला येतं?"

"दादाच्या दुकानात सगळं बालपण गेलंय. मशीन कुठलीही द्या."

बॅग अजून भरलेलीच आहे. पण साबण बाहेर काढलाय.

२६ मार्च

घेवडा पुन्हा पेरला. भांडारात एक जुनं शिलाई मशीन सापडलं. जाळीचं कापड इतकं बारीक की सुई सटकते. दादाला फोन लावून ठेवला आणि शिवत गेलो. तो तिकडून नुसता आवाज ऐकून सांगत होता, "दोरा सैल कर. अजून. आता पायाचा दाब कमी. गाढवा, कमी म्हटलं!" दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणे. त्याला दादा म्हणाला, "थांबा हो, आमच्या धाकट्याचं संशोधन चाललंय." मला ऐकू आलं ते त्याला कळलं नसावं.

१४ एप्रिल

जाळ्या बसल्या. प्रत्येकीला आत शिरायला झापडं. दुरून वाटतं, शेतात मच्छरदाण्या लावून कुणी झोपलंय. मावा मोजून सोडला, ढालकिडे मोजून सोडले, प्रत्येक जाळीत सारखेच. या वेळी मॅडमनी सगळ्यांत, अगदी पाण्यातही, एकच उग्र वासाचं तेल घातलंय, त्यामुळे चारही बाटल्या सारख्याच नाकात झोंबतात. झाकणांचे रंगही नवे. मी शिंकून शिंकून हैराण, पण पाणी कुठलं ते कळायला मार्ग नाही.

काही न कळता काम करत राहायचं, हे मला नवीन आहे. पूर्वी ट्रक कुठं चाललाय ते माहीत नसलं तर मी मधेच उतरून जायचो.

११ मे

आज शेवटची मोजणी. पाकीट उद्या फुटणार. पांढऱ्या झाकणाच्या जाळ्यांत मावा कमी आणि ढालकिडे धडधाकट, एवढं मला दिसतंय. ते पाणी आहे की मॅडमचं औषध, देव जाणे.

जेवताना मॅडम म्हणाल्या, "चार दिवस झोपला नाहीस असं मुकादम सांगत होते. आता मोजणी संपतच आलीय. सांगून टाकू का, पाणी कुठलं ते?"

किती वेळा वाटलं होतं, एकदा सांगावं यांनी! पण म्हटलं, "नको. अजून एक जाळी राहिलीय. माझे डोळे मला माहीत आहेत."

मॅडमनी माझ्या कपात चहा ओतला. नेहमीसारखाच कडू. संपवला.

शेवटच्या जाळीतली मोजणी झाली, झापड उचललं, एक पाय बाहेर टाकला आणि बघतो तर बाहीवर एक ढालकिडा. तसाच बाहेर पडलो असतो तर आतला एक कमी झाला असता. झटकला असता तर कुठं पडला, लागलं का, कुणास ठाऊक. उचलून पानावर ठेवायला हात पुढे झाला होता, तो मागे घेतला. उचलाउचलीनं काय होतं ते मला आता कळलंय. एक पाय आत, एक बाहेर, झापड मुठीत गच्च, आणि बाही आतल्या बाजूला धरून मी उभा राहिलो.

तो कोपरापर्यंत चढला. परत मनगटापर्यंत उतरला. पंख उघडले, मिटले. पायाला मुंग्या आल्या, पाठीवर ऊन तापलं.

लांबून मुकादम ओरडले, "भिंगरी! पुतळा झालास का रे?"

मी मानसुद्धा हलवली नाही. मग केव्हातरी तो बोटाच्या टोकाशी आला आणि आतल्या पानावर आपणहून उडून बसला. तेव्हा मी बाहेर आलो आणि झापड लावलं.